चांदोरकरसरांचं बिऱ्हाड

आमच्या ऑफिसात दर पंधरा दिवसांनी दूध उतू घालतात.

नव्या घरात राहायला जाताना घालतात तसंच. शेगडीवर पातेलं, पातेल्यात काठोकाठ दूध, आणि ते फसफसून बाहेर पडेपर्यंत सगळ्यांनी भोवती गंभीर चेहऱ्यानं उभं राहायचं. फरक इतकाच, की आमच्याकडे घर बदललेलं नसतं. कोथरूडच्या एका सोसायटीत तळमजल्यावरच्या त्याच दोन खोल्या, तेच टेबल, तोच डुगडुगणारा पंखा. बदललेलं असतं ते सॉफ्टवेअर. कामाच्या नोंदी ठेवायचं, नाहीतर आपसात निरोप पाठवायचं, नाहीतर फायली साठवायचं. जुन्यातून सगळं उचलून नव्यात नेलं, की चांदोरकरसर लॅपटॉपशेजारी इंडक्शनची शेगडी मांडतात आणि आतल्या, आपल्या राहत्या घराकडे तोंड करून हाक मारतात, "अगं, दूध!"

"बिऱ्हाड हललं की दूध गेलं पाहिजे," ते आम्हाला समजावतात. "पद्धत आहे."

एकदा दूध कीबोर्डवर गेलं. तेव्हापासून त्याचं एंटरचं बटण दाबलं की वर येत नाही, आणि मुंग्या ऑफिसला आमच्याआधी हजर असतात.

मुकुंद चांदोरकर हे आमच्या कंपनीचे मालक. कंपनी म्हणजे पाच-सहा माणसं. आम्ही मंगल कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कोणत्या मुहूर्ताला कोणता हॉल मोकळा आहे, पंगतीला किती पानं, आचारी कोण, वरपक्षाच्या खोल्यांतला गीझर चालू आहे का, हे सगळं एका जागी दिसतं. सर आधी एका कारखान्याच्या संगणक विभागात होते. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला. लहान कंपनीला लागणारी म्हणून जगात जितकी टूल्स आहेत, त्यातली फुकट मिळणारी सगळी वापरून बघायची, हा त्यांचा छंद. काहींना टेकड्या चढायचा असतो, तसा.

ही टूल्स साधारण पंधरा दिवस सगळं काही फुकट देतात आणि मग पैसे मागतात. पैसे मागितले की सर बिऱ्हाड हलवतात. काही टूल्स पाच माणसांपर्यंत कायमची फुकट असतात. तिथे तरी सरांनी टिकावं, पण तिथेही एखाद्या सकाळी ते चष्मा कपाळावर सरकवून येतात आणि म्हणतात, "एक नवीन आलंय. आपण एकदा बघू तर."

"आपण एकदा बघू तर" हे शब्द ऐकले की आमची ऋचा डोकं टेबलावर ठेवते. ऋचा आमची डिझायनर. पक्की कोथरूडची. ती डोकं न उचलताच विचारते, "सर, आत्ता जे आहे त्यात प्रॉब्लेम काय आहे?"

"प्रॉब्लेम काही नाही."

"मग?"

"प्रॉब्लेम नसताना हलवलं की घाई होत नाही."

ऋचाचं डोकं टेबलावरच राहतं. ओंकार नावाचा आमचा प्रोग्रामर तर घरूनच काम करतो. त्याचा पूर्ण चेहरा मी पहिल्यांदा त्याच्या लग्नात पाहिला, तोही मुंडावळ्यांमागे. बिऱ्हाड हललं की तो फक्त एक अंगठा पाठवतो. तो अंगठा होकाराचा असतो की निरोपाचा, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

मी परांड्याचा. वडील टेम्पो चालवतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. पुण्यात येऊन सात-आठ ठिकाणी मुलाखती दिल्या. सगळीकडे प्रश्न इंग्रजीत यायचा आणि मी उत्तर जुळवेपर्यंत पुढचा प्रश्न यायचा. चांदोरकरसरांकडे गेलो तेव्हा बसायच्या आधीच सांगून टाकलं, "सर, माझं इंग्रजी कच्चं आहे."

ते म्हणाले, "हरकत नाही. चुका मराठीतही करता येतात." आणि कामावर घेतलं. हे मी कधी विसरणार नाही. पुढे मी त्यांच्याबद्दल काहीही लिहिलं, तरी हे आधी लिहिलेलं असू द्या.

सरांकडून मी शिकलोही पुष्कळ. कुठल्याही नव्या टूलमध्ये शिरलं की लोक रंग बघतात, चित्रं बघतात. सर आधी आपली माहिती बाहेर काढायचं बटण कुठे आहे ते शोधतात. "घरात पाय ठेवायच्या आधी मागचं दार बघून घ्यायचं, नवनाथ. जे बाहेर पडू देत नाहीत, त्यांच्याकडे राहायचं नाही." आजही एखादी नवी कंपनी काढणारी मुलं मला काय वापरावं म्हणून विचारतात, तेव्हा मी हेच सांगतो. कामं मांडायला एक जागा, बोलायला एक जागा, पासवर्ड ठेवायला एक जागा, आणि सगळ्याची एक प्रत दुसरीकडे. बाकी हौस.

सरांची हौस मात्र मोठी होती.

निरोप पाठवायचं टूल आलं तेव्हा त्यांनी ऑफिसात तोंडानं बोलणं बंद केलं. माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून. तरी ते टाइप करायचे, "नवनाथ, खिडकी लावता का?" मी "हो सर" म्हणून उठलो की हात वर करून थांबवायचे. "इथे नको. तिथे बोला." मग मी परत बसून "हो सर" टाइप करायचो आणि मग खिडकी लावायचो. तोवर पाऊस आत आलेला असे.

आतून काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, विचारलं, "अहो, चहा ठेवू का?" की सर ओरडून सांगायचे, "त्याची नोंद टाक!" काकू आमचे हिशेब बघतात, त्यामुळे त्यांनाही सगळ्या टूल्समध्ये जागा असते. त्या सुरुवातीला वैतागल्या आणि मग सराईत झाल्या. सरांनी घरची भाजीसुद्धा कामाच्या बोर्डावर आणली होती. 'करायचे', 'चालू', 'तपासणीत', 'झाले' असे चार रकाने. सरांनी गवार आणून टाकली की गवारीची चिठ्ठी 'तपासणीत' जायची. काकू पिशवी उघडून बघायच्या आणि खाली शेरा मारायच्या, "निबर आहे. परत करा." चिठ्ठी पुन्हा 'करायचे' मध्ये. सर निमूटपणे पिशवी घेऊन निघायचे. ओंकार त्यालाही अंगठा द्यायचा.

पासवर्ड सांभाळणाऱ्या टूलची गोष्ट तर सोसायटीभर झाली. सरांनी सगळे पासवर्ड त्यात ठेवले आणि त्या टूलचाच पासवर्ड विसरले. टूलनं ओळख पटवायला विचारलं, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? सरांनी आयुष्यात प्राणी पाळलेला नाही.

"मग तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं?" ऋचानं विचारलं.

"तेच आठवतोय. खोटं तर मी लिहिणार नाही."

त्यांनी 'नाही' लिहून पाहिलं. 'पाळला नव्हता' लिहून पाहिलं. 'सोसायटीत परवानगी नाही' लिहून पाहिलं. शेवटी काकू मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चिडला असाल तुम्ही. चिडल्यावर जे म्हणता ते लिहा." सरांनी 'तुम्हाला काय करायचंय' असं लिहिलं आणि कुलूप उघडलं.

टूल विकणाऱ्या कंपन्यांतली मुलं सरांना फोन करतात. ट्रायल कशी चालली आहे, विकत कधी घेताय, असं विचारायला. सर त्यांना विकत घेणार नाही असं पहिल्याच वाक्यात सांगतात, आणि नंतर अर्धा तास बोलतात. गाव कुठलं, आई-वडील कुठे असतात, जेवणाची सोय काय. एका मुलाचं टूल आम्ही कधीच सोडलं होतं, तरी तो सणावारी फोन करतो. सर उठून खिडकीपाशी जाऊन बोलतात. फोन संपला की जरा वेळ तिथेच उभे असतात. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस टूल शोधतो की बोलायला कोणी शोधतो? पण लगेच ते वळून "आपण एकदा बघू तर" म्हणायचे आणि माझा विचार तिथेच थांबायचा.

आता माझ्या अडचणीकडे येतो.

फुकट म्हणजे पाच माणसं, हा या टूलवाल्यांचा जवळपास नियमच. सर, काकू, ऋचा, ओंकार हे चार झाले. पाचवा म्हणून प्रत्येक टूलमध्ये एक नाव असायचं, 'यासीन टी.' त्या नावापुढचं वर्तुळ कायम राखाडी. खाली लिहिलेलं, 'आमंत्रण पाठवले आहे.' बिऱ्हाड कुठेही हलो, सर सगळ्यात आधी यासीन टी. यांना आमंत्रण धाडायचे, आणि हे यासीन टी. कुठेही आले नाहीत.

मी सहावा. मला जागा नाही. मी 'गेस्ट' म्हणून शिरायचो. सर त्याला मराठीत 'पाहुणा' म्हणत. मी केलेल्या प्रत्येक कामाखाली माझं नाव नाही, 'पाहुणा' असं यायचं. घरून वडिलांचा फोन आला की ते विचारायचे, "कंपनीत तुझं नाव लागलं का रे?" आमच्याकडे नाव लागणं म्हणजे कायम होणं. मी म्हणायचो, "लागेल." मला दुसरं काही नको होतं. बोर्डावर एक रंगीत वर्तुळ आणि त्यापुढे नवनाथ हे नाव, इतकंच.

एक दिवस धीर करून ऋचाला विचारलं, "हे यासीन टी. कोण?"

"आपले घोस्ट एम्प्लॉयी," ती म्हणाली. "सरांना विचारू नकोस. विचारलंस तर ते बिऱ्हाड हलवतील."

मग मी काकूंना विचारलं. त्या गवार मोडत होत्या. परत केलेली नव्हे, नवी.

"यासीन तांबोळी," त्या म्हणाल्या. "कारखान्यात दोघं शेजारी बसायचे. पंचवीस वर्षं डबा एकत्र खाल्ला. नोकरी एकदम सोडली, आणि तू बसतोस त्या टेबलावर दोघांनी ही कंपनी काढली. पहिलं गिऱ्हाईक मिळालं. यासीन सॉफ्टवेअर दाखवायला गेला. आणि ह्यांनी आदल्या दिवशी त्याला न सांगता सगळं बिऱ्हाड दुसरीकडे हलवलेलं! नवीन काहीतरी फुकट मिळालं होतं. यासीननं तिथे पंधरा माणसांसमोर पडद्यावर उघडून दाखवलं, तर सगळं कोरं."

"मग?"

"परत आला आणि म्हणाला, 'मुकुंद, तुला धंदा करायचा नाही. तुला बिऱ्हाडं बदलायची आहेत.' आणि बॅग उचलली."

"सरांनी थांबवलं नाही?"

काकूंनी शेंगेचं देठ मोडलं. "हे म्हणाले, 'निदान पासवर्ड देऊन जा.'"

"आणि?"

"दिला त्यानं. गेला. हडपसरला एका आयटी कंपनीत लागला. ह्यांनी फोन केला नाही, त्यानंही नाही. दोघंही तसलेच. तेव्हापासून हे आमंत्रणं पाठवतात."

हे असंच चाललं असतं, पण लोणकरअण्णा आले.

लोणकरअण्णांची मंगल कार्यालयं तीन. गाव कधीच पुण्यात विरघळलं, शेतात हॉल उभे राहिले, पण अण्णांची बोली तशीच राहिली. आमच्यासारख्या कंपनीला असं गिऱ्हाईक मिळणं म्हणजे वर्षाचा प्रश्न सुटणं. अण्णा पांढरा शर्ट, पांढरी विजार आणि पांढऱ्या चपला घालून आले. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी ती हातानं हलवून बघितली.

"सर, तुमचं सॉफ्टवेअर चांगलं हाय," ते म्हणाले. "पोरं खूश हायत. पन दर पंधरा दिवसाला तुमची नवीन लिंक येती राव. इथं तक्रार टाका, आता तिथं टाका. माझा मॅनेजर येडा व्हायचा ऱ्हायलाय."

"सुधारणा होत असते," सर म्हणाले.

"माझ्या हॉलमदी मी दर पंधरवड्याला सुधारना म्हनून संडासाची जागा बदलली, तर वऱ्हाडानं जायचं कुठं?"

ऋचाला ठसका लागला. ती आत पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

अण्णांनी मग फोन काढून माझ्या कामाची नोंद दाखवली. "आनी ह्यो पाहुना कोन हाय?"

मी हात वर केला.

"अरे, पाहुन्यानं जेवावं, आहेर करावा आनी घरी जावं. माझ्या बुकिंगला पाहुना हात लावनार? उद्या काही झालं तर मी कुनाचं नाव घ्यायचं? 'पाहुन्यानं केलं' म्हनू?" ते उठले. "सहा महिने एकच जागा. आनी जो काम करनार त्याचं नाव. हे दोन शब्द पाळले तर तिन्ही हॉल तुमचे. नाहीतर रामराम."

अण्णा गेल्यावर ऑफिसात कोणीही काही टाइप केलं नाही. सहा महिने एकाच ठिकाणी राहायचं, ही शिक्षा सरांच्या चेहऱ्यावर दिसत होती. पण तो अर्धा भाग त्यांनी गिळला. पाच माणसांपर्यंत कायम फुकट असलेलं एक टूल निवडलं, एकदाचं दूध घातलं. प्रश्न उरला जागेचा. अण्णांचं सगळं काम माझ्याकडे होतं. नाव लावायचं तर माझं, आणि खुर्च्या पाच.

"सर, सोपं आहे," ऋचा म्हणाली. "यासीन टी. काढा. ते कधी आलेच नाहीत."

सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला.

"नाहीतर सहावी सीट विकत घ्या. महिन्याला एका पिझ्झाचे पैसे."

"विकत घ्यायचं तर मग फुकटचं शोधलं कशाला?"

"मग नवनाथचं नाव कसं लागणार?"

सर उठून खिडकीपाशी गेले. बाहेर काही नव्हतं, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा होता. मी मनात ठरवलं, आपण म्हणावं, राहू द्या सर. पण वडिलांचा आवाज आठवला आणि मी गप्प राहिलो. सर परत आले, बसले, बराच वेळ खटखट करत राहिले आणि म्हणाले, "झालं. बघा."

मी बघितलं. रंगीत वर्तुळ. नवनाथ. फोटो काढून मी आईला पाठवलासुद्धा. मग ऋचा माझ्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "एक मिनिट. काकू आहेत, मी आहे, ओंकार आहे, नवनाथ आहे. आणि यासीन टी. आहेत. सर, तुम्ही कुठे आहात?"

"मी आहे की," सर म्हणाले. "पाहुणा म्हणून."

"तुम्ही मालक आहात!"

"मालकानं बुकिंगला हात लावायचा नसतो. अण्णांचं बरोबर आहे."

त्या दिवसापासून आमच्या कंपनीच्या मालकाला आपल्याच बोर्डावरची चिठ्ठी हलवायची परवानगी राहिली नाही. सगळे अधिकार त्यांच्या जागेबरोबर माझ्याकडे आले होते. ते मला विचारायचे, "नवनाथ, ही गवार जरा 'झाले' मध्ये सरकवता का?" आणि मी सरकवायचो. मला फार संकोच वाटायचा. पण सर मजेत दिसायचे. पाहुणे खरोखरच असतात तसे.

एक महिना गेला. बिऱ्हाड हललं नाही. सरांचा हात शिवशिवायचा. ते एखादं नवीन टूल नुसतं बघून यायचे आणि उसासा टाकायचे. इंडक्शनची शेगडी कपाटावर गेली. मुंग्यासुद्धा कमी झाल्या. दुसरा महिना सुरू झाला.

आणि एका दुपारी दारात एक गृहस्थ उभे राहिले. उंच, पांढरी दाढी नीट कातरलेली, हेल्मेट काखेत. एका हातात मोसंब्यांची जाळीची पिशवी, दुसऱ्या हातात थर्मास. मनगटानं घाम पुसत त्यांनी मला विचारलं, "चांदोरकरांना कुठे ठेवलंय?"

"म्हणजे?"

"कुठल्या हॉस्पिटलात?"

तेवढ्यात आतून सर आले. ते स्टुलावर चढून पंखा पुसत होते, त्यामुळे हातात ओलं फडकं आणि नाकावर जळमट. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"तू आजारी नाहीस?" गृहस्थ म्हणाले.

"नाही."

"मेलाही नाहीस?"

"ट्रायल चालू आहे अजून," सर म्हणाले.

आतून काकू आल्या आणि दारातच थबकल्या. "अगंबाई, यासीनभाऊ!"

तांबोळीसर धप्पकन खुर्चीवर बसले. मोसंबी मांडीवर. "वहिनी, ह्याला विचारा काय चाललंय. वर्षानुवर्षं दर पंधरा दिवसांनी मला मेल येतो. 'मुकुंद चांदोरकर यांनी तुम्हाला आमंत्रित केलं आहे.' सकाळी चहा घेताना बघायचो. आला की म्हणायचो, चला, आहे शिल्लक. बरा आहे, नवीन काहीतरी फुकट सापडलंय. आता महिना झाला, सव्वा महिना झाला, मेल नाही. बायको म्हणाली, तो माणूस एका जागी महिनाभर बसणं शक्य नाही, नक्की अंथरुणाला खिळलाय. जाऊन या."

"म्हणून मोसंबी?" काकू म्हणाल्या.

"आणि सूप. तिनं करून दिलंय."

"अरे, मग फोन करायचास," सर म्हणाले.

"तू केलास?"

सरांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली.

"आणि इतके मेल यायचे," सर म्हणाले, "तर एकदा तरी दाबायचंस ते बटण."

"दाबलं असतं, तर तू पुढचं पाठवलं असतंस का?"

सरांनी त्याच फडक्यानं टेबल पुसायला घेतलं. ऋचानं लॅपटॉपच्या पडद्यामागे मान खाली घातली. काकू म्हणाल्या, "मी चहा टाकते," आणि कपाटावरची इंडक्शन खाली काढून तिथेच कोपऱ्यात दूध तापत ठेवलं, कारण त्यांनाही आत जायचं नव्हतं.

तांबोळीसरांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला. "बरं. हे बघ. शेवटचं आमंत्रण. दाबतो." दाबलं. मग कपाळाला आठी पडली. "मुदत संपली म्हणतंय."

"नवीन पाठवायला लागेल," सर घाईनं म्हणाले आणि वळले. "नवनाथ, बोलवा त्यांना."

मी बोलावलं. तांबोळीसरांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं. "'नवनाथ यांनी तुम्हाला आमंत्रित केलं आहे.' हा नवनाथ कोण?"

मी हात वर केला. मला त्याची सवय झाली होती.

"आणि तू का नाही पाठवलंस?"

"मला अधिकार नाही," सर म्हणाले. "जागा पाचच आहेत. माझ्या जागेवर नवनाथ आहे."

"मग तू कोण?"

"मी पाहुणा."

तांबोळीसरांनी माझ्या लॅपटॉपच्या पडद्याकडे बघितलं. वरून खाली बोट नेत नावं वाचली. काकू. ऋचा. ओंकार. नवनाथ. पाचव्या नावावर बोट थांबलं. मग ते हसायला लागले. इतके हसले की पिशवी मांडीवरून घसरली आणि मोसंबी टेबलाखाली, कपाटाखाली, सगळीकडे गेली. "स्वतःच्या कंपनीत पाहुणा! अरे मूर्खा, माझी जागा काढायची ना!"

"ती दिलेली होती," सर म्हणाले.

हसणं थांबलं. तांबोळीसरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि बटण दाबलं. टूलनं पासवर्ड मागितला असावा.

"कुठला ठेवू?"

"तोच ठेव," सर म्हणाले. "तू देऊन गेलास तो."

माझ्या पडद्यावर यासीन टी. यांचं राखाडी वर्तुळ हिरवं झालं. लगेच बोर्डावर एक नवी चिठ्ठी आली. 'मोसंबी गोळा करणे. जबाबदारी: पाहुणा.' हडपसरच्या कंपनीत राहून त्यांचा हात जलद झाला होता.

चांदोरकरसर गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. कोपऱ्यात पातेल्यातलं दूध फुगून वर येत होतं. आम्ही सगळे टेबलाखाली बघत होतो, त्यामुळे कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मग फस्स आवाज झाला आणि करपल्याचा वास आला.

"अहो, दूध गेलं!" काकू ओरडल्या.

टेबलाखालून सरांचा आवाज आला. जरा जाड, जरा ओला.

"जाऊ दे."